आक्काची लुगडी आणि भोरकडच्या बायकांची हातशिलाई गोधडी: सहा महिने वापरल्यावर

गोधडी जानेवारीच्या शेवटी घरी आली. माघातली थंडी तिच्यात काढली, मे महिन्यात एसी लावून ती अंगावर घेतली, तीन वेळा धुतली. आता जुलै लागलाय आणि तिच्याबद्दल ठामपणे काही सांगता येईल इतकी ती वापरून झाली आहे. आली त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं भरून येऊन लिहिलं असतं. घरातल्या जुन्या साड्यांचं काय करावं या विचारात असलेल्या कुणाला त्याचा काही उपयोग झाला नसता.

भोरच्या पुढे, घाटाच्या अलीकडे एका गावात सात बायकांचा बचत गट आहे. आपण जुन्या साड्या, लुगडी, धोतरं नेऊन द्यायची आणि त्या हातानं गोधडी शिवून देतात. मशीनची टीप नाही, आत फोम किंवा कृत्रिम कापूस नाही. कापडावर कापड आणि धावदोरा, बस्स. गटाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. गटातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "ताई, नाव टाकलं की फोन येत्यात, आन् आमची लावणी चालू असती. माणसाला नाही म्हणायचं जिवावर येतं." ओळखीतून ओळख निघते, तसा मलाही त्यांचा नंबर मिळाला होता.

आता ही गोधडी चांगली की वाईट हे मी कशावरून ठरवलं ते सांगते, कारण माझं माप बाजारातलं नाही. माझं माप आक्का आहे.

आक्का म्हणजे बाबांची आई. आम्ही नातवंडंच काय, गल्लीतला भाजीवालाही तिला आक्काच म्हणायचा. 1956 साली लग्न होऊन ती सांगलीच्या गावभागात आली आणि जानेवारी 2023 मध्ये, वयाच्या 84व्या वर्षी, त्याच घरातून गेली. आजोबा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पगार बेताचा, घरात चार मुलं, शिवाय विलिंग्डन कॉलेजात शिकायला आलेले दोन भाचे कायमचे मुक्कामाला. सगळ्यांना पांघरुणं लागायची म्हणून आक्का वाकळा शिवायला लागली. आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. पुढं हात जरा सैल झाला, सोलापुरी चादरी आल्या, ब्लँकेटं आली, तरी तिचं शिवणं थांबलं नाही. तोपर्यंत तिला त्याची गोडी लागली होती.

दुपारी अडीच ते साडेचार ही तिची वेळ. त्या दोन तासांत घरात कुणी तिला हाक मारायची नाही. माजघरात फरशीवर वाकळ पसरायची, चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पितळी तांब्या आणि तांदळाचा डबा ठेवायचा, म्हणजे थर सरकत नाहीत. मग उजवा पाय कापडावर सपाट टाकून ती शिवायला बसायची. पायानं कापड ताणून धरायची तिला सवय होती. कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत जायचं, शेवटी मधोमध हातभर जागा उरायची. अंगुस्तान कधी वापरलं नाही. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला घट्टा पडला होता आणि ती त्या बोटानं गालगुच्चा घ्यायची तेव्हा तो खरखरीत लागायचा.

दुसरा नाद गाण्याचा. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब 1937 साली गेले आणि त्यांना दर्ग्याच्या आवारातच दफन केलं आहे. आक्का वर्षाआड तरी तिथं जायचीच, आणि पिशवीत शिवायचं काहीतरी घेऊन जायची. रात्रभर ऐकायचं आणि दुपट्याच्या कडा घालायच्या. सकाळच्या एसटीनं परत, आंघोळ, की लगेच स्वयंपाकाला. दमले म्हणाली नाही कधी.

आणि तिची वही. शंभर पानी, पुठ्ठ्याची, वर तिच्या अक्षरात फक्त "वाकळा". प्रत्येक वाकळेची नोंद: कधी घातली, वर काय, आत काय, कुणासाठी, कधी पूर्ण झाली. "वर धाकटीचं पोपटी पातळ. आत ह्यांची दोन धोतरं, एक पोत्याचं पांढरं. हॉस्टेलला नेण्यासाठी." एकूण एकसष्ट नोंदी आहेत. आम्हा नऊ नातवंडांची दुपटी त्यात आहेत. माझ्यापुढं लिहिलंय, "मुलगी. पाऊस फार. कापड वाळेना."

एवढं सगळं सांगितलं, कारण तिच्या माघारी लोखंडी ट्रंकेत तिची सात लुगडी निघाली तेव्हा ती कुणाच्याही हातात द्यायला माझं मन घेईना. वाटण्या झाल्या होत्या, आत्यांनी, काकूंनी आवडीची नेली होती, उरलेली ही रोजच्या वापरातली. वेखंडाचे तुकडे घालून घडी केलेली. मला स्वतःला बटण लावण्यापलीकडं शिवता येत नाही. आक्का असताना शिकले नाही, याचं मला वाईट वाटतं.

पहिला प्रयत्न फसला, तोही सांगायला हवा. पुण्यातल्या एका ठिकाणी दोन लुगडी दिली. आठवणींची गोधडी करून देतो असं ते सांगायचे. फॉर्म भरायचा, त्यात रंगसंगती निवडायची, आगाऊ पैसे भरायचे. दोन महिन्यांनी जे आलं त्यात आक्काच्या काळ्या चंद्रकळेचे पाच-पाच इंचांचे चौकोन कापून मशीनवर जोडले होते. आत पॉलिस्टरचं अस्तर, पाठीला नवंकोरं छापील कापड. पांघरूण म्हणून ते वाईट नाही. ऊबही आहे. पण पदर कुठंच दिसेना. विचारलं तर उरलेलं कापड टाकून दिल्याचं समजलं. चंद्रकळेचा पदर टाकून दिला! त्या रात्री मी वहीतली पानं उलटत बसले होते. तिच्या एकसष्ट वाकळांत एकदाही "उरलेलं टाकलं" असा शब्द नाही. उरल्या चिंधीचं पायपुसणं, त्यातूनही उरलं तर दिव्याच्या वाती.

म्हणून दुसऱ्या वेळी मी स्वतः गाडी काढून गेले. दिवाळी झाली होती, भातकापणी उरकली होती. गटाचं काम एका मावशींच्या पडवीत चालतं. मी पाच लुगडी काढून ठेवली आणि थोरल्या मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "ह्यातलं रोज नेसायच्या ते कुठलं, आन् सणाचं कुठलं?"

मला वाटलं, सहज चौकशी करतायत. पण ते कामाचं होतं. रोजचं लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, ते अंगाला लागणाऱ्या बाजूला घ्यायचं. सणाचं कमी झिजलेलं, त्यात दम असतो, ते वरच्या बाजूला. अगदी विरलेली जुनेरं मधल्या थरांत. प्रत्येक लुगडं त्यांनी उजेडात धरून बघितलं, कुठं विरलंय तिथं बोट फिरवून बघितलं. एका लुगड्याला मधोमध दंड घातलेला होता. मधला झिजलेला भाग काढून दोन धड तुकडे जोडलेले. त्या शिवणीवर नख फिरवत मावशी म्हणाल्या, "म्हातारीचा हात बारीक होता." आक्काला न बघता त्यांनी तिला ओळखलं असं मला त्या क्षणी वाटलं आणि अजूनही वाटतं.

हिशोबही तिथंच जमिनीवर मांडला. नऊवारी म्हणजे 27 फूट लांब, पन्ना साधारण चार फूट. सहा बाय साडेसात फुटांची गोधडी करायची तर एका लुगड्यात दोन थर निघतात आणि पदराकडचा तुकडा उरतो. पाच थर हवे असतील तर तीन लुगडी पुरतात. उरलेल्या दोन लुगड्यांत दोन दुपटी होतील, चुलतभावाला नुकतीच मुलगी झालीय तिला एक, आणि एक असंच असू दे, घरात कुणाला तरी लागेल. मजुरी गोधडीची 3,600 रुपये, दुपट्याचे 700. दोरा त्यांचा. दोन-अडीच हजारांत मशीनची मिळते हे मला ठाऊक आहे. पण रोज दोन-तीन बायका पाठ वाकवून तीन-चार आठवडे बसतात, त्या मानानं मला हा दर कमीच वाटला.

मग हिरव्या इरकलीचा विषय निघाला. तिच्यावर काठालगत हातभर लांबीचा मातकट डाग आहे. ऑगस्ट 2019 च्या पुराचा. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या घरात माळ्याला हात लागेल इथपर्यंत आलं होतं. ट्रंक वर चढवली होती, पण कपाटाच्या खालच्या खणातलं हे लुगडं राहिलं. आक्का तेव्हा 81 वर्षांची. तिला बोटीतून बाहेर काढलं तेव्हा तिच्याजवळ तीन वस्तू होत्या: औषधांची पिशवी, वही आणि मांडीवर अर्धवट शिवलेली वाकळ. ती तिनं मिरजेला मावशीआजीकडं राहून पूर्ण केली. वहीत नोंद आहे: "पाण्यामुळं मिरजेत. दोरा इथलाच घेतला, जरा जाड आहे." घर गेलं की राहिलं, कपाटं फुगली, गहू कुजले, त्यातलं एक अक्षर नाही. दोरा जाड आहे, एवढंच.

ते लुगडं परत आल्यावर तिनं सात-आठ पाणी धुतलं, डाग गेला नाही, तसंच नेसत राहिली. मी मावशींना म्हटलं, डाग कापू नका. त्या म्हणाल्या, "कापायचा कशाला? कापड तर धड हाय." आणि तो डाग वरच्या बाजूला, पायाकडच्या कोपऱ्यात आला आहे. मला तो तिथंच हवा होता.

इरकलीबद्दल त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मला माहीत नव्हती. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी. दोन्हींचे उभे धागे वेगळे असतात आणि ते फासात फास अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. जुन्या इरकली बऱ्याचदा तिथंच उसवायला लागतात. आमचीही सुटत आली होती. मावशींनी पदर न कापता त्या जोडाखाली सुती पट्टी घेतली आणि तिथं धावदोरा दोनदा फिरवला. सहा महिन्यांत तिथला एक टाका हललेला नाही. पुण्यातल्या त्या कामाशी तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. हाच पदर तिथं गेला असता.

आता ज्या रात्रीसाठी मी या बायकांना कधीच विसरणार नाही ती. जानेवारीत, साडेनऊच्या सुमाराला फोन आला. मावशी म्हणाल्या, "ताई, मधला घास राहिलाय फक्त. आमच्याकडं तिथं तांदूळ घालत्यात. तुमच्याकडं काय घालायच्या म्हाताऱ्या?"

मी त्यांना याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. आक्का मधला शेवटचा चौकोन बंद करण्याआधी त्यात जोंधळ्याचे चार दाणे टाकायची. पांघरूण उपाशी ठेवू नये म्हणायची. मला वाटायचं ही आमच्या घरचीच, किंवा तिची एकटीचीच रीत. तिकडं भाताच्या मुलखात, शंभरहून जास्त मैलांवरच्या या बायका तेच करतात आणि तांदूळ घालतात. मला बोलायला वेळ लागला. मग म्हटलं, "जोंधळा." त्या म्हणाल्या, "बरं, उद्या दुकानातनं आणते." दुसऱ्या दिवशी फोटो आला, अंधुक, पण तळहातावरचे चार दाणे दिसत होते.

गोधडी हातात आल्यावर मी आक्काची शेवटची वाकळ शेजारी पसरली आणि पट्टी घेऊन बसले. आक्काचे एका इंचात चार टाके, दोन ओळींत अर्धा इंच अंतर. यांचे एका इंचात तीन, ओळींत पाऊण इंच. म्हणजे आक्काच्या वाकळेपेक्षा थोडी कमी, पण पुण्यातल्या त्या कामापेक्षा कितीतरी वर. वजन पावणेदोन किलो, अंगावर बसतं पण दडपत नाही. बाबा सांगलीहून आले होते. त्यांनी काही न बोलता गोधडी उलटी केली आणि चष्मा लावून मागची बाजू बघितली. आक्का शेजारणींच्या वाकळा बघायला गेली की हेच करायची. "सुलटी बाजू सगळेच नीट करतात, उलटी दाव की," म्हणायची. उलट्या बाजूला एकही गाठ वर आलेली नव्हती. सगळ्या गाठी थरांच्या आत लपवल्या होत्या. बाबा एवढंच म्हणाले, "बरोबर आहे." त्या रात्री ती त्यांनीच पांघरली.

उणिवा आहेत. पाच आठवड्यांचा शब्द होता, नऊ आठवडे लागले. मध्ये गावात लग्न, मग एकीच्या घरी आजारपण. प्रत्येक वेळी कळवलं, पण मीच फोन केल्यावर. दिवसा कुणी फोन उचलत नाही, रात्री आठनंतर करायचा. पावती मिळत नाही, वहीच्या कागदावर हिशोब लिहून देतात. पहिल्या धुण्यात इरकलीच्या लाल पदराचा रंग सुटला आणि शेजारच्या पांढऱ्या काठावर गुलाबी झाक आली. आधी मिठाच्या पाण्यात पदर बुडवून बघा, असं त्यांनी सांगायला हवं होतं, किंवा मला सुचायला हवं होतं. आक्काला सुचलं असतं.

आणि एक तृतीयांश भागात हात बदललेला कळतो. टाके लांब, ओळ जरा तिरकी. मी फोनवर विचारलं. थोरल्या मावशींनी लपवलं नाही. "सुनेचा हात हाय, तिची पयलीच गोधडी. उसवून परत घालून देऊ का? खर्च नाही घेणार." मी दोन दिवस मागून घेतले. खरं सांगायचं तर मला ते खटकलं होतं, पैसे सारखे मोजले तर काम सारखं हवं असं वाटत होतं. मग वही काढली. 1974 च्या एका नोंदीत लिहिलं आहे: "डावा कोपरा धाकटीनं घातला. टाके मोठे. उसवला नाही." धाकटी म्हणजे माझी आत्या, तेव्हा बारा वर्षांची. ती वाकळ अजून आत्याकडं आहे, कोपराही तसाच आहे. मी मावशींना फोन करून सांगितलं, राहू दे.

दुपटी फार सुंदर झाली आहेत. त्यावर जास्त लिहीत नाही, आक्काची पणती एकात झोपते. उरलेल्या सगळ्या चिंध्या, अगदी बोटभर रुंदीच्या काठाच्या पट्ट्यासुद्धा, एका पिशवीत बांधून परत आल्या होत्या. मी मागितल्या नव्हत्या.

करून घ्यायची असेल तर काही गोष्टी सांगते. सुती कापडच द्या, सिंथेटिक साडी आत गेली की सुई अडते आणि थर सरकतात. देण्याआधी खळ पूर्ण काढून, धुऊन, उन्हात वाळवून द्या. डांबराच्या गोळ्यांचा वास धावदोऱ्यात अडकला की महिनोन् महिने जात नाही, तेव्हा कापड आधी चार दिवस मोकळं पसरा. फॉल, पिको, लेबल उसवून द्या. कुठलं लुगडं कुणाचं, कधीचं, ते एका कागदावर लिहून द्या, मावशी वाचून घेतात आणि त्याप्रमाणे थर लावतात. धुवायची तर हातानं, पाण्यात बुडवून पायानं तुडवायची, पिळायची नाही, दोन दोऱ्यांवर आडवी वाळत घालायची. जूनपासून लावणी असते, तेव्हा पावसाळ्यात मागं लागू नका.

वहीत मी बासष्टावी नोंद केली आहे. वर काय, आत काय, कुणी शिवली, मधल्या घासात जोंधळा. माझं अक्षर तिच्याखाली बरं दिसत नाही, पण जागा तीच होती. आजोबांची तीन धोतरं आणि आईच्या दोन सुती साड्या धुऊन, गाठोडं बांधून तयार ठेवल्या आहेत. मावशी म्हणाल्या, दसऱ्यानंतर या.